तिथले तीन, इथले तीन

"बुधवारी तीनला उतरते रे दादा! सकाळी नऊला इथून निघते. बॅग बंद होत नाहीये, तिच्यावर बसलेय, ठेवते!"

एवढं बोलून आत्यानं फोन ठेवला आणि घड्याळजींच्या घरात आनंदाचा नुसता स्फोट झाला. सहा वर्षांनी येत होती ती. आजी तर ज्या खुर्चीवर बसली होती तिथून उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली आणि शेवटी उभीच राहिली.

हा आनंद अगदी दोन मिनिटं टिकला. आई, म्हणजे घड्याळजींची बायको, हॉस्पिटलात नर्स होती. ती ड्यूटीला निघालेली, एक चप्पल पायात, एक हातात. दारातून तिनं सहज विचारलं, "तीन म्हणजे कुठले तीन? तिथले की इथले?"

आणि निघून गेली.

खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि वर घर, असा घड्याळजींचा संसार होता. दुकानाच्या भिंतीवर एकवीस घड्याळं टांगलेली. त्यांतली वीस एकाच वेळी एकच वेळ दाखवायची, आणि एकविसावं, लाल चौकटीचं, पाच तास पुढे असायचं. ते आत्याचं घड्याळ. ती ज्या लांबच्या शहरात राहायची तिथली वेळ त्यात लावलेली असे. आजी रोज सकाळी खाली येऊन त्या लाल घड्याळाकडे बघायची आणि म्हणायची, "जेवली असेल." संध्याकाळी बघायची आणि म्हणायची, "झोपली असेल." त्या घड्याळाला हात लावायची घरात कोणाचीच टाप नव्हती.

"सोपं आहे," घड्याळजी डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवत म्हणाले. "ती तिथे राहते. तिच्या मनगटावर तिथलं घड्याळ. ती तीन म्हणाली म्हणजे तिचे तीन. तिच्या तीनमधून पाच काढा. सकाळचे दहा. आपण दहाला विमानतळावर."

"तिलाच विचार की रे एकदा," आजी म्हणाली.

घड्याळजी आजीकडे असे बघू लागले, जसं काही तिनं त्यांना मिशी काढायला सांगितलं होतं.

"आई, लोक मला वेळ विचारतात. मी लोकांना वेळ विचारत नाही."

हा त्यांचा जुना बाणा. त्यांच्याकडे मोबाइलही नव्हता. लोक खिशातून मोबाइल काढून वेळ बघतात आणि मनगटं उघडी ठेवून फिरतात, हे त्यांना इतकं लागलं होतं की ती वस्तू ते दुकानाच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. दुकानात एक जुना काळा फोन होता, वायरवाला. तो वेळ दाखवत नाही म्हणून घड्याळजींचा लाडका होता.

"बाबा, तुमचं चुकतंय," मागून आवाज आला.

ही त्यांची मुलगी, भूगोल. नाव वेगळं होतं, पण यंदा शाळेत भूगोलात पहिली आली, बक्षीस म्हणून पृथ्वीचा गोल मिळाला, आणि त्या दिवसापासून घरात सगळे तिला भूगोलच म्हणायचे. आधी ही पोरगी वर्गात हात वर करताना दुसऱ्या हातानं पहिला हात खाली ओढायची. गोल मिळाल्यापासून मात्र ती प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर द्यायला लागली होती.

तिनं गोल आणून काउंटरवर आपटला. गोल एकदा फिरला, कुरकुरला आणि समुद्र वर करून थांबला.

"आत्या पूर्वेकडून पश्चिमेकडे येतेय. म्हणजे सूर्याच्या मागे मागे. म्हणजे तिचा दिवस लांबणार. किती? पाच तास. तीन अधिक पाच किती?"

"आठ," आजी म्हणाली. गणित सोपं होतं म्हणून.

"आठ! रात्रीचे आठ. बाबांनी वजा केलं तिथे अधिक करायचं होतं. हे आम्हाला दुसऱ्या धड्यात आहे."

"तुमचे दोघांचेही धडे बाजूला ठेवा," आजोबा म्हणाले. आजोबा निवृत्त ड्रायव्हर. आयुष्यभर लांब पल्ल्याची बस चालवलेली. "गाडी कधी पोचते हे घड्याळावरून ठरत नाही, रस्त्यावरून ठरतं. अंतर किती?"

अंतर मोजायला दोरी नव्हती. घड्याळजींच्या दुकानात पट्टे मात्र ढीगभर. आजोबांनी एक चामडी पट्टा घेतला, आपल्या गावावर बक्कल ठेवलं आणि आत्याच्या शहराकडे निघाले. एक पट्टा वाळवंटात संपला. दुसरा जोडला. दुसऱ्याच्या तिसऱ्या भोकावर आत्याचं शहर सापडलं. ते किमतीच्या चिकटपट्टीखाली अर्धवट झाकलं गेलं होतं.

"एक पट्टा आणि वर तीन भोकं," आजोबांनी जाहीर केलं. भूगोलनं गोलाच्या खालची मोजपट्टी लावून त्याचे नऊ-दहा हजार किलोमीटर केले.

"विमान ताशी नऊशेनं जातं. म्हणजे झाले दहा-अकरा तास," आजोबा बोटांवर मोजत म्हणाले. "ती तिथल्या नवाला निघते, म्हणजे आपल्या पहाटे चारला. चार आणि अकरा... पंधरा. दुपारचे तीन."

एकवीस घड्याळं टिकटिकली. आजोबा इथेच थांबले असते तर ही गोष्टही इथेच संपली असती. पण ते बसवाले होते.

"आता यात थांबे धरा."

"थांबे?" भूगोल किंचाळली. "आजोबा, आकाशात?"

"अकरा तास सलग कोण चालवतो? ड्रायव्हर माणूस आहे ना? चहाला अर्धा तास. जेवणाला अर्धा तास. चाकांची हवा बघायला, काचा पुसायला... शिवाय कोणीतरी एक प्रवासी थांब्यावर उतरतो आणि वेळेत परत येत नाही. तो प्रत्येक गाडीत असतो. दोन तास धरा. पाच. संध्याकाळचे पाच."

दहा, पाच आणि आठ. एका आत्याला उतरवायला तीन वेळा तयार झाल्या. नुसता वाद झाला असता तर हरकत नव्हती, या घरात वाद म्हणजे जेवणासारखाच दोन वेळचा. पण आजी हळूच म्हणाली, "माझं एवढंच म्हणणं आहे. ती बाहेर आली की पहिलं तोंड माझं दिसलं पाहिजे."

आजोबांनी पट्टे गुंडाळून ठेवले. कारण ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. आत्या लहानपणी शाळा सुटली की फाटकात येऊन उभी राहायची आणि गर्दीत आई शोधायची. आई दिसली नाही तर ती रडायची नाही, ओरडायची नाही. फक्त परत वर्गात जाऊन बसायची. आजी हे सांगताना अजूनही डोळे पुसायची.

"दिसणार," घड्याळजी म्हणाले. "माझा शब्द. आपण दहालाच जायचं. लवकर गेलेला माणूस कधी चुकत नाही."

बुधवारी सकाळी समोरच्या बेकरीची पावाची गाडी मागून आणली. अट एकच होती, बाराच्या आत परत, कारण दुपारच्या फेरीला पाव घालायचे असतात. आजोबांनी आरसे नीट केले, सगळ्यांना मोजलं, स्वतःचा मोबाइल बंद करून खिशात घातला. गाडी चालवताना फोन नाही, हा त्यांचा नियम. पन्नासच्या वर काटा नेत नाही, हा दुसरा नियम. सायकली त्यांना मागे टाकून गेल्या.

विमानतळावर बाहेर येणाऱ्यांच्या दारासमोर लोखंडी कठडा होता. आजीनं जाऊन बरोबर मधोमध जागा पकडली. भिंतीवर फलक होता, आणि फलकावर आत्याच्या शहराचं नाव लिहिलेलं होतं! त्याच्यापुढे विमान उतरल्याची खूण.

"बघा," घड्याळजी म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी भूगोलचा गोल आणि आजोबांचे सगळे थांबे निकालात काढले.

दार उघडलं. माणसं बाहेर येऊ लागली. झोपाळू माणसं, चिडकी माणसं, गिटार घेतलेला एक मुलगा, तीन बॅगा आणि चार पोरं असलेली एक बाई. आजी प्रत्येकाकडे बघून आधी हसायची आणि मग थोडीशी विझायची. शेवटी टोप्या घातलेले विमानातले कर्मचारीसुद्धा बाहेर आले. आत्या नाही.

घड्याळजी चौकशीच्या खिडकीशी गेले.

"त्या विमानातली सगळी माणसं बाहेर आली?"

"आली की."

"एकही आत नाही?"

"एकही नाही."

"अरे, पुढचं विमान कधी ते विचार ना," आजी मागून म्हणाली.

घड्याळजींनी छताकडे पाहिलं. तिथे एक घड्याळ होतं. "दोन मिनिटं मागे आहे," ते पुटपुटले, आणि न विचारता परत फिरले.

"तिचं विमान चुकलं असणार," भूगोल म्हणाली. "किंवा मी म्हणते तेच. आठ."

"पाच," आजोबा म्हणाले. "आत्ता ती लोकं चहा पीत असतील."

इकडे पावाची गाडी परत करायची होती. भूगोलची दुपारची शाळा होती, घड्याळजींकडे एक मास्तर दुरुस्त घड्याळ न्यायला येणार होते. ठरलं की सगळ्यांनी घरी जायचं आणि पाचला परत यायचं.

"तुम्ही जा," आजी म्हणाली. "मी इथंच बसते."

"एकटी?"

"एकटी कशी? ही आहे ना." तिनं कठड्यापाशी उभ्या असलेल्या सुरक्षारक्षक बाईकडे बोट दाखवलं. तेवढ्या वेळात त्या बाईला किती मुलं, थोरल्याला दमा कसा आणि सासू कशी, सगळं आजीनं विचारून झालं होतं.

"मावशींची काळजी करू नका, मी आहे," बाई म्हणाली.

"अगं पण पाचपर्यंत बसून काय करशील?" आजोबांनी विचारलं.

"सहा वर्षं काय केलं? तेच."

आजीला पाण्याची बाटली, लोणी लावलेला पाव आणि चहाचा थर्मास देऊन मंडळी परतली.

दुपारी भूगोलच्या वर्गात भूगोलाचाच तास होता. बाई फळ्यावर रेखावृत्तं काढत होत्या. भूगोलनं हात वर केला आणि सकाळपासून पोटात असलेलं सगळं गणित उभ्यानं ओतलं. आत्या, पश्चिम, सूर्य, लांबलेला दिवस, तीन अधिक पाच.

बाईंनी खडू खाली ठेवला.

"अगं, विमान उतरण्याची वेळ नेहमी जिथे उतरतं त्याच गावची सांगतात. तिकिटावर, फलकावर, सगळीकडे. आत्या तीन म्हणाली ना?"

"हो."

"मग तीन. अधिक नाही, वजा नाही. तीनच."

अख्खा वर्ग हसला. भूगोलला मात्र हसू ऐकूच आलं नाही, कारण ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती आणि तिथे तीन वाजत आले होते. शाळा सुटायला अजून अर्धा तास. तो अर्धा तास तिनं कसा काढला हे तिच्या शेजारणीला विचारा, जिच्या हातावर नखांच्या खुणा उठल्या होत्या.

घंटा झाली आणि ती सुटली. थेट दुकानात.

"बाबा! तीन म्हणजे तीन!"

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका इवल्याशा चाकावर श्वास रोखून बसले होते. चाक उडालं ते आजतागायत सापडलेलं नाही.

"कुठले तीन?"

"इथले! आपले! झाले पण!"

घड्याळजींनी भिंतीकडे पाहिलं. वीस घड्याळांनी एकमुखानं त्यांना पावणेचार दाखवले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपली घड्याळं आवडली नाहीत.

बेकरीची गाडी फेरीवरून आली तेव्हा चार वाजले होते. आत पावाचे ट्रे तसेच होते. उतरवायला वेळ कोणाला! भूगोल ट्रेंच्या मधे बसली, आजोबांनी मोबाइल बंद करून खिशात घातला, घड्याळजींनी दुकानाला कुलूप लावलं आणि गाडी सुरू झाली. तेवढ्यात आतून दुकानातला काळा फोन वाजायला लागला.

"फोन! आजोबा, थांबा!"

"सुटलेली गाडी फक्त थांब्यावर थांबते."

"पण आजीचा असेल तर?"

"तिच्याकडे कुठे फोन आहे? मास्तर असतील, घड्याळाचं विचारत."

फोन वाजत राहिला आणि गाडी पन्नासच्या वेगानं धावत राहिली. प्रत्येक वळणावर ट्रे भूगोलच्या अंगावर यायचे आणि ती ते परत ढकलायची. पुलावर समोरून एक टॅक्सी आली. तिच्या खिडकीतून कोणीतरी अर्धं बाहेर येऊन जोरजोरात रुमाल हलवत होतं.

"बाबा, ती टॅक्सी बघा, कोणीतरी हात करतंय," घड्याळजी म्हणाले.

"ड्रायव्हर समोर बघतो," आजोबा म्हणाले. "लोकांना काय, उद्योग नाहीत."

विमानतळावर आजीची जागा रिकामी होती. कठड्यापाशी नवी सुरक्षारक्षक उभी होती. "मी आत्ताच आले," ती म्हणाली. "इथे कोणी आजी नव्हत्या."

घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी बहीण सापडत नव्हती, आता आईही गेली. त्यांनी चौकशीच्या खिडकीतून ध्वनिक्षेपकावर आजीच्या नावाचा पुकारा करवला. एक वेगळीच आजी आली. ती चांगली होती, पण त्यांची नव्हती. भूगोलनं प्रसाधनगृहं पालथी घातली. आजोबा प्रत्येक बाकाखाली वाकून बघत होते, जसं काही आजी ही विसरलेली छत्री होती.

"माझा शब्द होता," घड्याळजी एवढंच म्हणत होते. "पहिलं तोंड तिचं दिसेल असा माझा शब्द होता. आणि नुसतं विचारायचं होतं रे. एकदा विचारायचं होतं."

भूगोलला एरवी बाबांवर जिंकायला फार आवडायचं. आत्ता तिला अजिबात आवडलं नाही. "माझंही आठ चुकलंच ना," ती म्हणाली आणि तिनं त्यांच्या हातात एक पाव दिला. दुसरं काही जवळ नव्हतं.

शेवटी घरी जाऊन आईला सांगायचं आणि मग पोलिसात जायचं असं ठरलं. परतीच्या वाटेवर आजोबांनी गाडी साठच्या वर नेली. हे अघटित होतं.

गल्लीत शिरले तर दुकानाचं शटर वर होतं. दिवा लागलेला. घड्याळजी चालत्या गाडीतून उतरलेच. काचेतून त्यांनी आत पाहिलं आणि जागच्या जागी खिळले.

एकवीसच्या एकवीस घड्याळं एकच वेळ दाखवत होती. लाल चौकटीचंसुद्धा.

"माझ्या त्या घड्याळाला हात कोणी लावला?" ते गरजले.

"मी!" आतून आवाज आला.

घड्याळजींच्या स्टुलावर, त्यांचंच भिंग डोळ्याला लावून, आत्या बसली होती. शेजारी आजी, मांडीवर रिकामा थर्मास. आई ड्यूटीवरून आलेली, तिच्याच किल्लीनं दुकान उघडलेलं, तोंडावर पदर दाबून हसत होती.

"यावं, यावं," आत्या म्हणाली. "प्रवास कसा झाला? किती वेळ वाट बघायची तुमची?"

मग जो गोंधळ झाला तो लिहिण्यात अर्थ नाही, सगळे एकदम बोलत होते आणि निम्मे रडत होते. त्यातून एवढं कळलं की आत्या बाहेर आली तेव्हा आजी कठड्याच्या मधोमध उभी होती. सुरक्षारक्षक बाईच्या फोनवरून त्यांनी दुकानात फोन लावला, तो कोणी उचलला नाही, आणि आजोबांचा मोबाइल बंद. मग टॅक्सी केली. आणि पुलावर आजीनं कमरेपर्यंत बाहेर येऊन रुमाल हलवला.

"मला वाटलं हळू जायचा इशारा," आजोबा म्हणाले आणि पावाचे ट्रे परत करायला तातडीनं बेकरीकडे निघून गेले.

"पण आजी, तुला कसं माहीत तीन म्हणजे इथले तीन?" भूगोलनं विचारलं.

"मला कुठे माहीत होतं?" आजी म्हणाली. "शाळेतून ही तीनला सुटायची. मला उशीर झाला की ही परत वर्गात, म्हणून मग मी अडीचलाच जाऊन उभी राहायला लागले. लवकर जाऊन उभं राहिलं की गणित लागत नाही बाळा."

घड्याळजी सवयीनं लाल घड्याळाकडे गेले आणि काटे पाच तास पुढे करायला त्यांनी हात उचलला. आत्यानं तो धरला.

"राहू दे की दादा. महिनाभर मी इथल्याच वेळेत आहे."

घड्याळजींनी हात खाली घेतला. थोडा वेळ ते एकवीस घड्याळांची एकच टिकटिक ऐकत राहिले. मग त्यांनी घसा साफ केला, इकडेतिकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर आलं.

"तुझं परतीचं विमान... किती वाजता आहे?"

आईच्या हातातला कप बशीवर वाजला. घड्याळजींनी वेळ विचारली होती.

आत्या उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात आजीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला गप्प केलं आणि भूगोलला जवळ ओढलं.

"तू नको सांगूस गं," ती म्हणाली. "जायचं गणित आमची भूगोल करेल. वाटलंच तर आजोबांना थांबे घालायला सांगू."